भांड्यांच्या गोदामातला बँड

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून मी पुण्याहून आष्टीला परत आले, तेव्हा माझ्याकडे कपड्यांची एक बॅग आणि एक इलेक्ट्रिक गिटार होती. गिटार माझी नव्हती. हॉस्टेलवर माझ्या खोलीत मालवणची एक मुलगी राहायची. लॉकडाऊनमध्ये ती घरी गेली ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, राहू दे तुझ्याकडेच.

तिनेच मला सर्फ पंक ऐकवलं होतं. परदेशात समुद्रकाठची पोरं लाकडी फळीवर उभी राहून लाटा कापतात, त्यांनी गिटारीतून तसा आवाज काढला. सूर ओला, घुमणारा, जणू पाण्याखालून येतोय असा. त्यात पुढे दुसरी पोरं शिरली, ज्यांना नीट वाजवायला शिकायची सवडच नव्हती. तीन सूर आले की बँड काढायचा, दोन मिनिटांचं गाणं करायचं, कुणाची परवानगी मागायची नाही. मला ते ऐकलं की छातीत काहीतरी धावायला लागायचं. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

आमचं भांड्यांचं दुकान आहे, स्टँडपासून जवळच. आप्पा सकाळी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करतात आणि मग दिवसभर गल्ल्यावर बसतात, एकदा बसले की जेवायलाच उठतात. मला ते जमेना. मी तांबे उंचीप्रमाणे लावायची, मग घडणीप्रमाणे लावायची, मग परत उंचीप्रमाणे. गिऱ्हाईक कुकर बघत असलं तरी माझा पाय टेबलाखाली हलत असायचा. आप्पा म्हणायचे, बस जरा. आई स्थळं बघत होती. मला लग्न नको होतं, पुणं नको होतं, आष्टी नको होती; मग हवं काय, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका दुपारी दुकानावरून वरात चालली होती. पुढे बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचं तारांचं वाद्य. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. लहानपणापासून ऐकत आलेला आवाज. पण त्या दिवशी तो इको मशीनमधून असा काही निघाला की मी हातातली परात खाली ठेवली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. तोच आवाज होता. ओला, घुमणारा. मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत मी वरातीमागून चालत गेले. नवरदेव आत गेल्यावर बेंजोवाल्याजवळ जाऊन उभी राहिले. पंचेचाळिशीचा माणूस, डोक्याला घामाने भिजलेला रुमाल. त्यांना वाटलं मी नवरीकडची, तक्रार करायला आले.

"ताई, आवाज कमी करायचा का?"

"नाही. अजून वाढवता येईल का?"

ते हसले. तिथंच पारावर बसून मी त्यांना फोनवर ती परदेशातली गाणी ऐकवली. त्यांनी फोन कानाला लावून डोळे मिटले. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, "हे तर आमचंच हाय. फकस्त ह्यांना लई घाई हाय."

त्यांची वस्ती कडा गावाजवळ. लग्नाच्या तिथीला बेंजो, एरवी थोडी शेती आणि वस्तीवरच मिक्सर, मोटारी, अँप्लिफायर दुरुस्तीचं काम. पुढच्या आठवड्यात ते आमच्या गोदामात आले ते भाचीला घेऊन. भाची वीस वर्षांची, आष्टीच्या कॉलेजला शिकायला मामाकडे राहिलेली, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे नगर रोडने धावणारी. घरी ती पार्टीचा ताशा आणि साइड ड्रम वाजवायची, पण वरातीत मुलीने वाजवायचं नाही म्हणून आजवर तिने तो चार भिंतींच्या बाहेर वाजवला नव्हता. ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणू लागले.

गोदामात आमची जागा म्हणजे पोत्यांत बांधलेली पातेली आणि छतापर्यंत लावलेले डबे यांच्यामधली पट्टी. भाचीने ढोल आडवा ठेवला, तो पायाने वाजवायची सोय मामांनी सायकलच्या पेडलपासून केली. झांजेऐवजी तडा गेलेली परात टांगली. मी मामांना सांगितलं की त्या परदेशी गाण्यांतली लाट स्प्रिंगमधून येते: आवाज एका टोकाने स्प्रिंगमध्ये सोडायचा, दुसऱ्या टोकाने उचलायचा. मामा म्हणाले, मग त्यात काय एवढं. आप्पांकडून एक चेपलेलं मोठं पातेलं मागून आणलं, आत तीन स्प्रिंगा ताणून बसवल्या, एका बाजूला जुन्या रेडिओचा स्पीकर, दुसऱ्या बाजूला कंप टिपायला बझरमधली पितळी चकती. मी गिटारीची एक तार छेडली आणि आवाज त्या पातेल्यातून फिरून बाहेर आला. भाचीने पातेल्याला पायाने हलकेच ठोकर मारली. धरण फुटल्यासारखा आवाज झाला.

खरी गंमत पुढे होती. भाचीने ड्रम वाजवायला सुरुवात केली की गोदामातली सगळी भांडी झणझणायची. डबे, पळ्या, झारे, सगळं. ते थांबवायला आम्ही पोती टाकून पाहिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी तो झणकार गाण्यातच राहिला. पहिली सहा गाणी मी तिथंच फोनवर रेकॉर्ड केली, आणि त्यात तुम्हाला आमच्या दुकानाचा अख्खा माल ऐकू येतो.

गाणी मी लिहायची. आमच्या बोलीत. एक गाणं टँकरच्या रांगेवर, एक उन्हाळ्यात हवामान खातं सांगतं त्या लाटेवर. आमच्याकडे 'का'ला 'कावून' म्हणतात. सगळ्यात चाललं ते एवढंच होतं:

कावून थांबू, कावून थांबू
बस गेली, फुडं गेली
म्या न्हाई, म्या न्हाई
थांबत न्हाई

बँडला नाव नव्हतं. तिघांचं एकदाही एकमत झालं नाही. लोक भांडेवाले म्हणू लागले.

पहिला कार्यक्रम भाचीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला. आम्ही एक गाणं वाजवलं, दीड मिनिटात संपलं, आणि सभागृह तसंच बसून राहिलं. मागून कुणीतरी विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, झालं. मग हसू सुरू झालं. ते हसणं ओसरायच्या आत भाचीने दुसरं गाणं सुरू केलं, मला न विचारता. तिसऱ्याला पोरी उभ्या राहिल्या. घरी जाताना मला वाटत होतं की सगळं परत एकदा वाजवावं, आत्ताच, रस्त्यात.

नाव झालं ते मात्र कड्याला. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मंडप होता. कार्यकर्त्यांनी मामांची पार्टी बोलावली होती. पार्टीतली बाकीची माणसं एका लग्नात अडकली, म्हणून मामा आम्हाला घेऊन गेले. सांगणं एवढंच होतं की भाऊ येईपर्यंत वाजवत राहा. भाऊ काही येईनात. आमच्याकडे सहा गाणी, सगळी मिळून दहा मिनिटं. ती संपल्यावर कार्यकर्ता स्टेजच्या कडेला येऊन हाताने खूण करायला लागला, चालू ठेवा, चालू ठेवा. आम्ही परत पहिल्यापासून सुरू केलं. मग परत. दर वेळी भाची थोडा वेग वाढवायची. चौथ्या खेपेला मंडपातली माणसं शब्द म्हणायला लागली. पाचव्या खेपेला बायका पदर खोचून उभ्या राहिल्या आणि फेटे बांधलेली वयस्क माणसं खुर्च्यांवर चढून 'थांबत न्हाई' म्हणत होती. भाऊ आले तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. ते गाडीपाशी उभं राहून गाणं संपायची वाट बघत राहिले, आणि भाषणात म्हणाले की आज पहिल्यांदा मला थांबवलं कुणी.

तो व्हिडिओ फिरला. आष्टीत फिरला, बीडला फिरला, मग मला ओळखीचे नसलेले नंबर यायला लागले. आम्ही गाणी पेनड्राइव्हवर भरून बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून वाटायचो. लग्नपत्रिका छापणाऱ्याने उरलेल्या पिवळ्या कागदावर आम्हाला कव्हरं छापून दिली, म्हणून त्यांच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मजकूर अर्धा दिसायचा. नगरला वाजवलं. मग पुण्याला एका कॅफेच्या तळघरात. तिथं पोरं एकमेकांना धक्के देत नाचायला लागली, आणि मामांनी एकदम बेंजो थांबवला. भांडण लागलं म्हणून ते सोडवायला खाली उतरले. भाचीने त्यांना हाताला धरून वर आणलं आणि समजावलं की हे नाचतायत. मामा म्हणाले, आमच्या वरातीत बी असंच असतंय. आणि दुप्पट जोरात वाजवायला लागले.

त्या वर्षी मी कुठंच नीट झोपले नाही. बसमध्ये असले की कधी उतरते असं व्हायचं, घरी असले की बस कधी आहे असं. आईने स्थळांचं बोलणं थांबवलं होतं. आप्पा गिऱ्हाइकांना व्हिडिओ दाखवायचे आणि मी आले की फोन उलटा ठेवायचे. मला अजून हवं होतं. केवढं, ते माहीत नव्हतं.

मग कोकणातून बोलावणं आलं. किनाऱ्यावर तीन दिवसांचा महोत्सव, देशभरातले बँड. आम्ही तिघांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकदमच. भाची चपलांसकट पळत आत गेली आणि तोंडात पाणी गेल्यावर थुंकत, हसत परत आली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. पायाखालची वाळू सरकत होती आणि मला ते इतकं आवडलं की मी तासभर हलले नाही. मामा लांबच थांबले. बेंजो टॉवेलात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला होता. खाऱ्या हवेनं तारा गंजतात, म्हणाले, आणि खोलीवर निघून गेले.

संध्याकाळी आम्ही वाजवलं, छान वाजवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईचा एक माणूस आमच्या टेबलाशी येऊन बसला. तो बँडची रेकॉर्डिंग करायचा, बाहेरच्या देशांत पाठवायचा. मामा शेजारच्या टेबलावर पाठमोरे बसून मासे कसे खायचे ते वेटरकडून शिकत होते. तो माणूस सरळ बोलला. दोन मुली, गिटार आणि ड्रम, हे जबरदस्त आहे. पण तो बेंजो लग्नातला वाटतो, आणि काका फोटोत बसत नाहीत. त्यांच्याऐवजी आपण एक चांगला गिटारवाला देऊ.

भाची माझ्याकडे बघत होती. मी उत्तर द्यायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, परत उचलला. विचार करून सांगते, असं म्हणाले.

मामांची पाठ दिसत होती. ते हललेही नाहीत. थोड्या वेळाने उठले, हात धुतले, आणि आम्हाला म्हणाले की परवा एका लग्नाची सुपारी घेतलेली आहे, आजच्या गाडीने निघतो. घेतलेली नव्हती, त्या आठवड्यात तिथीच नव्हती. मला ते माहीत होतं आणि तरी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले, खिडकीशी उभी राहून पोचल्यावर फोन करा असं म्हणाले. त्यांनी मान हलवली.

त्या माणसाला हो कळवून आम्ही दोघी मुंबईला गेलो. स्टुडिओ थंड होता, भिंतींना स्पंज लावलेला. गिटारवाला मुलगा चांगला होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला वाजवायचा. लाटेचा आवाज कॉम्प्युटरमधून आला. सगळं स्वच्छ. मी दर गाण्यानंतर बाहेर जिन्यात जायची, तीन मजले उतरायची, परत चढायची. काय बिघडलंय ते मला सांगता येत नव्हतं, आणि येतही होतं. तिसऱ्या दिवशी भाचीने काठ्या ड्रमवर ठेवल्या.

"घरी गेल्यावर मी मामाला काय सांगू, ताई? तू सांग, मी तसं बोलते."

मी गिटारीच्या खुंट्या पिळत राहिले. ती बॅग उचलून निघाली. मी तरीही एक दिवस राहिले, हे मला इथं लिहावंच लागेल. एकटीने दोन गाणी पूर्ण केली. चौथ्या दिवशी त्या माणसाला सांगितलं की हे बाहेर काढू नका. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

आष्टीला आल्यावर आठ दिवस मी दुकानात बसले. मग एका सकाळी स्कूटी काढून कड्याच्या वस्तीवर गेले. मामी अंगणात शेंगा निवडत होत्या. त्यांनी नेहमीसारखं या म्हटलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मामा ओसरीवर एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. त्यांनी वर पाहिलं, आणि सोल्डरची तार माझ्या हातात दिली, इथं धर म्हणून. मी धरली. त्यांनी दोन जोड पक्के केले आणि मगच बोलले.

"त्या मानसानं म्हनलं ते म्हनलं. त्याला मी वळखत न्हाई, त्यो मला वळखत न्हाई. तू कावून गप बसलीस?"

"मला मोठं व्हायचं होतं, मामा."

"मग व्हायचं की. मला सांगायचं. मीच म्हनलो असतो, जा म्हून. असं पाटीमागं बसवून ऐकवायचं नसतंय."

मी चुकले असं म्हणाले. ते नुसते हं म्हणाले. चहा झाला. मामींनी पिशवीत शेंगा भरून दिल्या. मामांनी परत येईन असं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर लग्नसराई लागली. भाची पहाटे धावायची, कॉलेजला जायची, दुकानासमोरून जाताना कधी हात करायची, कधी नाही. मी गोदामात एकटी जाऊन गिटार वाजवायची. भांडी झणझणायची नाहीत, गिटारीने तेवढं होत नाही.

सराई संपायला आली तेव्हा मामा एके दिवशी दुकानात आले. आप्पांकडून कुकरची शिट्टी घेतली. आप्पांनी पैसे घेतले नाहीत, त्यावर दोघांची थोडी हुज्जत झाली. मग मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले की एक चाल सुचली आहे, त्यात शब्द नाहीत, आणि ती ते सुरू करतील, आम्ही मागून यायचं. शिवाय तिथीच्या दिवशी ते कुठंही येणार नाहीत, मग अमेरिकेचं बोलावणं असो. आणि बोलणी करताना तिघं एका टेबलाला बसणार. मी सगळ्याला हो म्हणाले. त्यांनी भाचीला फोन लावला. ती कॉलेजातून वीस मिनिटांत धावत आली, खरोखर धावत, बूट घालून.

ती चाल अवघड होती. मला सवय पुढे पळायची. ही चाल मध्येच अडायची, एका सुरावर गोल फिरायची आणि आपल्याला वाटायचं संपली, तेव्हा अंगावर यायची. मी पंधरा दिवस चुकत राहिले. मामा एकदाही रागावले नाहीत, फक्त परत पहिल्यापासून सुरू करायचे.

ती पहिल्यांदा वाजवली तलवाड्याला. गावच्या जत्रेत कुस्त्या सुरू व्हायच्या आधी आम्हाला अर्धा तास दिला होता, भर दुपारी, पत्र्याच्या शेडखाली. कोपऱ्यातला स्पीकर फाटलेला होता. समोर कुस्त्या बघायला आलेली माणसं, बरीचशी तोंड पलीकडे करून. मामांनी सुरुवात केली. भाची आठ ठोक्यांनी आत शिरली. मी माझी जागा येईपर्यंत थांबले, आणि ते थांबणं मला जड गेलं. मग मी आले, आणि वरचा पत्राच वाजायला लागला, पाऊस पडावा तसा. आखाड्यातले दोन पैलवान अंगाला माती लावत होते ते तसेच उभे राहून ऐकायला लागले. चाल संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. एका म्हाताऱ्या बाईने, परत वाजवा, असं सांगितलं. आम्ही परत वाजवली.

परतीला गावातल्या एकाने त्याच्या पिकअपमध्ये आम्हाला सामानासकट आष्टीपर्यंत आणि पुढे कड्यापर्यंत सोडायचं कबूल केलं. तिघं मागच्या हौद्यात बसलो. बीड ओलांडेपर्यंत वाद सुरू झाला होता. भाची म्हणत होती, पुढचं गाणं याच्या दुप्पट वेगाचं पाहिजे, मिनिटात संपणारं. मामा म्हणाले, संथ. मला आता एक लई संथ वाजवायचं हाय, बघू तुमाला दम निघतो का. मला दोन्ही हवं होतं आणि ते कसं होईल ते मी हौद्याच्या पत्र्यावर बोटांनी वाजवून दाखवत होते, कुणी ऐकत नव्हतं. दिवस मावळायच्या सुमारास मी आष्टीला उतरले. गाडी सुटली तरी भाची मागून बोलतच होती. मामांनी कानावर रुमाल बांधून घेतला होता.